तळाची खुर्ची

बुडण्याच्या बाबतीत माझा हात धरणारं कोणी नाही. पोहणाऱ्या बायका पायलीच्या पन्नास मिळतील. पण पाण्याच्या तळाशी जाऊन खुर्चीवर ऐसपैस बसायचं, शेपटी वळवून खुर्चीखाली घ्यायची, रिकाम्या किटलीतून कपात चहा ओतल्यासारखं करायचं, तो घोट घोट प्यायचा, आणि हे सगळं करताना चेहरा असा ठेवायचा की काचेपलीकडच्या माणसाला वाटावं, या बाईला घरी कुणी एका शब्दाने बोलत नाही, हे काम माझं. आमच्या जलमहालातली जलपरी मीच. सगळा बाजार मला परी म्हणतो. भाजीवालासुद्धा म्हणतो, फक्त भाव कमी करत नाही.

तर त्या दिवशी नव्या टाकीच्या शिडीवर उभी राहून मी घरच्या सगळ्यांना सांगितलं, "दगडाचं मी सांगत नाही, पण मी बुडणार," आणि उडी मारली.

आणि वर आले.

पुन्हा सूर मारला, पुन्हा वर आले. तिसऱ्या वेळी डोकं खाली गेलं, पण शेपटी वर राहिली आणि हवेत फडफडायला लागली. बाटलीचं बूच जसं कितीही दाबलं तरी टुण्णकन वर येतं, तशी माझी गत.

"हिला उलटी टाका," सासूबाई खालून म्हणाल्या. "तोंड वर राहिलं तर बोलतच राहील."

झालं काय होतं ते सांगते. जलमहाल म्हणजे नाव मोठं. मुळात ते कापडाचं गोदाम. आत एक स्टेज, स्टेजवर टाकी, समोर खुर्च्या. आमचे हे दारात तिकिटं फाडतात. सासूबाई टॉवेल घेऊन बसतात. थोरले दीर, ज्यांना सगळे दादा म्हणतात, ते मालक. ते काहीच करत नाहीत, पण फार मोठ्याने करतात.

जुनी टाकी लांबरुंद आणि बुटकी होती. तळाच्या खुर्चीवर बसलं की माझ्या डोक्यावर हातभर पाणी. प्लॅस्टिकच्या वेलींमध्ये एक बारीक पाईप लपवलेला, त्याचं वरचं टोक पाण्याबाहेर. मी फूल हुंगल्यासारखं करायची आणि पाईप तोंडात घेऊन श्वास ओढायची. लोक म्हणायचे, बाई मासा आहे. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि आमच्या घरात सगळं सुरळीत चाललं की दादांना काहीतरी सुचतं.

"लोकांना खाली बघायचा कंटाळा आलाय," ते म्हणाले. "मान वर करायला लावलं पाहिजे."

म्हणून नवी टाकी आली. एखाद्या धुराड्यासारखी, स्टेजपासून थेट छपरापर्यंत. आत एवढीच जागा की मी गिरकी घेतली तर शेपटी दोन्ही बाजूंना घासावी. काच आणली एका बंद पडलेल्या चपलांच्या दुकानाची. तिच्यावर सोनेरी अक्षरात 'सेल' लिहिलेलं होतं, आणि ते कितीही घासलं तरी निघालं नाही. माझ्या बाजूने ते उलटं दिसायचं.

काचवाला काच बसवायला आला तेव्हा त्याने एकदा वर बघितलं आणि टोपी काढली, देवळात काढतात तशी.

"यात पाणी भरणार?" तो म्हणाला. "उंची बरीच आहे मालक. जाड काच लागेल."

"उंचीचं काय घेऊन बसलास? पाणी किती ते विचार," दादा म्हणाले. "जुन्या टाकीच्या निम्मं पाणी मावतं यात. निम्मं पाणी, निम्मा जोर, निम्मी काच. साधा हिशेब आहे."

"मी आपला आरशांचा माणूस. माझ्या काचेपुढे लोक उभे राहतात, पाणी नाही," काचवाला म्हणाला. त्याने काच बसवली आणि जाताना आमच्या ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून गेला. तो हात मला आवडला नाही.

पण खरा घाव पुढच्या वाक्यात होता.

"नवी टाकी, नवी परी," दादा म्हणाले, आणि त्यांनी आपल्या मुलीकडे बोट केलं. आमची पुतणी. कॉलेजात जाते, काटकीसारखी आहे आणि अंघोळीचा तांब्या डोक्यावर ओतताना डोळे गच्च मिटून ओरडते.

"आणि मी?" मी विचारलं.

"तू पॉपकॉर्नच्या गाडीवर. तुझा आवाज चांगला आहे."

आता मला सांगा. शेपटी कोणाची? माझी. सासूबाईंनी पडद्याच्या कापडाची शिवली, पण तिला आकार आणला तो माझ्या कमरेने. बारा महिने हातापायांच्या बोटांना सुरकुत्या कोणाच्या? माझ्या. थंडीत त्या पाण्यात दात न वाजवता कोण हसलं? आणि आता मी गाडीवर उभं राहून 'गरमागरम' ओरडायचं?

"दादा," मी म्हणाले, "उद्घाटनाच्या दिवशी जी तळाच्या खुर्चीवर बसून चहा संपवेल, ती परी. मला जमलं नाही तर जन्मभर पॉपकॉर्न भाजेन. आणि घरात तोंडातून चकार शब्द काढणार नाही."

पहिल्या भागाला दादा कपाळाला आठ्या घालत होते. दुसरा भाग ऐकल्यावर म्हणाले, "कबूल." आमचे हेसुद्धा जरा जास्तच पटकन मान हलवून बसले. ते मी लक्षात ठेवलंय.

आणि मग सरावाची ती उडी, ते वर येणं, आणि हवेत फडफडणारी शेपटी.

तोंडात पाणी गेलं तेव्हा उलगडा झाला. खारट! साधं खारट नाही, जीभ आत ओढून घेणारं. मी टाकीच्या काठाला लटकून ओरडले, "दादा, पाण्यात काय घातलंय?"

"मीठ," दादा छताकडे बघत म्हणाले. "शेवाळ धरू नये म्हणून. बर्फाच्या कारखान्यातून पोती आणली."

"बाबा," पुतणी तिच्या जागेवरून म्हणाली, "मग माझ्या शेपटीत शिशाचे गोळे का शिवलेत?"

सासूबाईंनी टॉवेलाची घडी उलगडली आणि पुन्हा घातली.

"ही पोरगी कोणाच्या बाजूची आहे?" दादा म्हणाले.

"मी कोणाच्याच नाही. मला परीच व्हायचं नाहीये," पुतणी म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "काकू, मिठाचं पाणी जड असतं. आपण जेवढी जागा अडवतो, तेवढ्या पाण्याच्या वजनाएवढ्या जोराने ते आपल्याला वर ढकलतं. पाणी जड झालं की ढकलणंही वाढतं. म्हणून तू तरंगतेस."

"म्हणजे मी जाड नाही?"

"ते मी म्हटलं नाही."

बरं. कोणी मला वर ढकलायला लागलं की खाली कसं जायचं हे सासरी आलेल्या बाईला शिकवावं लागत नाही. मी सासूबाईंसमोर शेपटी टाकली. त्यांनी चष्मा लावला, सुई ओवली आणि आतून खिसेच खिसे शिवले. एकात कोळशाची जुनी इस्त्री. दुसऱ्यात दाराला लावायचा लोखंडी ठोकळा. बाकीच्यांत ह्यांचे डंबेल्स. ते यांनी दंड कमवायला म्हणून आणले होते, आणि आणल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा जागचे हलले.

"माझ्या डंबेल्सना गंज चढेल," हे म्हणाले.

"चढू दे," सासूबाई म्हणाल्या. "काहीतरी चढेल तरी त्यांच्यावर."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आतल्या शिडीला धरून उतरले आणि हात सोडले. गेले की खाली! इस्त्री वाट दाखवतेय आणि मी मागून जातेय, असं सरळ. मनात म्हटलं, दादा, घाला अजून मीठ.

पण अर्ध्या वाटेवर कान कोणीतरी आत ढकलायला लागलं. जुन्या टाकीत नुसता चिमटा बसायचा. इथे दोन अंगठे होते, आणि ते दर वितीला जास्त दाबत होते. नाक धरून फुंकर मारली, जरा मोकळं झालं, पुन्हा खाली गेले, पुन्हा अंगठे. कशीबशी खुर्चीवर बसले आणि वेलीतला पाईप तोंडात घेतला. दादांनी तो लांब करून दिला होता. "टाकी उंच, पाईप लांब, संपलं," असं त्यांचं म्हणणं.

मी श्वास ओढला. आला नाही.

वर पाईपचं तोंड उघडं, खाली माझं तोंड उघडं, मध्ये गच्च हवा, आणि ती काही केल्या येईना. छाती फुगतच नव्हती. जणू तिच्यावर सासरची सगळी मंडळी बसली होती, आलेल्या पाहुण्यांसकट. मी पाईप फेकला, शिडी धरली आणि इस्त्रीला शिव्या घालत वर आले.

"पाईपला भोक असेल," दादा म्हणाले.

ह्यांनी पाईप फुंकून बघितला. भोक नव्हतं.

"काकू, भोक नाही," पुतणी म्हणाली. "खाली पाणी चारी बाजूंनी छाती दाबतं. श्वास घ्यायचा तर छातीने त्या पाण्याला मागे रेटायला हवं. जुन्या टाकीत हातभर पाणी होतं, जमायचं. इथे डोक्यावर मजल्याएवढं पाणी आहे. कुणालाच जमणार नाही."

"पण टाकी अरुंद आहे!" दादा म्हणाले. "इथे मुळात पाणीच कमी आहे!"

"रुंदीचा काही संबंध नाही बाबा. वर किती उंच पाणी आहे आणि ते पाणी किती जड आहे, एवढंच बघायचं. तलाव असो की नळी, तेवढ्याच खोलीला दाब तेवढाच. शाळेत शिकवलं होतं. मी टाकीचं चित्र काढून निळं रंगवलं होतं, म्हणून लक्षात आहे."

"शाळेतली टाकी वेगळी," दादा म्हणाले.

तेवढ्यात टाकीनेच तोंड उघडलं. काचेच्या सांध्यातून तीन ठिकाणी पाणी यायला लागलं. अगदी वरच्या फटीतून नुसतं ओघळत होतं, रडून दमलेल्या मुलाच्या नाकासारखं. मधल्या फटीतून धार उडत होती आणि वाकून पहिल्या खुर्च्यांवर पडत होती. आणि सगळ्यात खालची धार सुतळी ताणल्यासारखी सरळ आली आणि तिने ह्यांच्या हातातला चहाचा कप उडवला. कान हातात राहिला, कप गेला.

मला जे माझ्या कानांनी सांगितलं होतं, तेच ही टाकी सांगत होती. जेवढं खाली, तेवढं जोरात.

दादा मेणबत्ती घेऊन शिडीवर चढले आणि त्यांनी मेणाने वरची फट बुजवली.

"वरची का?" मी विचारलं.

"पाणी वरून खाली येतं. मूळच बंद करायचं," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर असा काही आत्मविश्वास होता की क्षणभर खालची धारसुद्धा थबकली असेल.

"दादा, ऐका," मी म्हणाले. "मला तरंगवायला तुम्ही पोत्यामागून पोतं ओतलंत. प्रत्येक पोत्याने पाणी जड केलंय, आणि ते सगळं त्या खालच्या काचेला रेटतंय. चपलांच्या दुकानाची काच आहे ती. तिने आजवर फक्त चपला बघितल्यात. पाणी निम्म्यावर आणा."

"निम्म्या टाकीला मान कोण वर करेल?"

"मग मी एकटीच करते," मी म्हणाले. "पण उतरणार. तुम्हाला वाटलं असेल मी घाबरून गाडीवर जाईन, तर ते डोक्यातून काढा."

पुढच्या खुर्च्यांच्या दोन रांगा मी स्वतः ओढून मागच्या भिंतीला लावल्या. आणि आणखी एक गोष्ट करून ठेवली. टाकीच्या तळाला, बरोबर खुर्चीखाली, पाणी सोडायचं मोठं बूच असतं, साखळीचं. पूर्वी जुन्या टाकीलाही तेच भोक होतं. दादांनी खर्च वाचवायला स्टेजखालची जुनीच नळी तशीच जोडली होती, आणि ती पुढे स्वच्छतागृहाच्या नळीला मिळते. ते बूच जरा ढिलं करून ठेवलं. कशासाठी ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं. पण ज्या घरात दादा आहेत तिथे बाहेर पडायचा एक रस्ता माहीत असलेला बरा.

उद्घाटनाला अख्खा रस्ता लोटला. समोरचा न्हावी अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकाला घेऊन आला. प्रमुख पाहुणे म्हणून असे एक गृहस्थ होते, जे कुठलीही फीत दिसली की कात्री काढायचे. त्यांनी फीत कापली, पाण्याच्या महत्त्वावर खूप वेळ बोलले, बोलताना दोन ग्लास पाणी प्याले आणि मग अपेक्षेप्रमाणे स्वच्छतागृहाची चौकशी करून तिकडे गेले.

आधी पुतणी उतरली. शिशाने तिला सरळ खाली नेलं, एक तृतीयांश वाटेपर्यंत. तिथे तिने दोन्ही कान धरले, डोळे मोठे केले आणि शिडीवरून माकडासारखी वर आली.

"कान दुखतात," ती काठावरून म्हणाली. "मी नाही जाणार. कान फुटले तर लेक्चर कशाने ऐकू?"

"आजवर कशाने ऐकलंस?" दादा गरजले. लोकांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. पुतणीने मुजरा केल्यासारखं वाकून सासूबाईंच्या टॉवेलात उडी घेतली.

मग मी. हातात किटली, कमरेला इस्त्री. छाती भरून हवा घेतली आणि सोडलं स्वतःला. कान दाबले, फुंकर मारली; पुन्हा दाबले, पुन्हा फुंकर. शेवटी खुर्ची लागली. बसले. शेपटी वळवून घेतली. तेव्हा काचेपलीकडे जी टाळी वाजली ती मला ऐकू आली नाही, दिसली. शेकडो हात एकदम. मी कपात चहा ओतला, नसलेला, आणि पहिला घोट घेतला.

दादा काचेपुढेच उभे होते. हाताची घडी, पाठ काचेला टेकलेली, लोकांकडे तोंड. बघा, माझी टाकी कशी मजबूत आहे, अशा थाटात. आणि त्यांच्या डाव्या खांद्याजवळ, खालच्या कोपऱ्यातून, काचेत एक केस दिसला. पांढरा, बारीक. मी बघत असतानाच तो वितभर लांब झाला आणि 'सेल'च्या 'ल'कडे सरकायला लागला.

मी काचेवर थापा मारल्या. दादांनी मागे न बघताच लोकांना हात हलवला. मी बोटाने तडा दाखवला. लोकांनी मला बोट दाखवलं. न्हाव्याने शिट्टी मारली असावी. त्याचे गाल तसे दिसत होते.

छातीतली हवा संपत आली होती. वर गेले तर हवा आहे, पण वर गेले म्हणजे चहा अर्धा, म्हणजे जन्मभर पॉपकॉर्न, म्हणजे घरात गप्प. इथेच बसले तर काच फुटणार, आणि मी, खुर्ची, किटली आणि दादा सगळे मिळून पहिल्या रांगेत जाणार.

तेव्हा मला राग आला. म्हटलं, मी वर यायचं नाही असं ठरलंय. पाण्याने खाली यायचं नाही, असं कुठे ठरलंय?

खुर्चीखाली हात घातला आणि साखळी ओढली.

बूच सुटलं तसं पाण्याने माझी शेपटी धरली आणि खेचली भोकाकडे. मी खुर्चीला मिठी मारली. वर बघितलं तर पाण्याचं छप्पर भराभर खाली येत होतं. दादांचा हिशेब एवढ्यापुरता खरा ठरला: अरुंद टाकीत पाणी खरोखरच कमी होतं. पाईप तोंडात धरून मी ओढत राहिले. आधी काहीच नाही. मग औषधाच्या थेंबासारखी हवा. मग घोटभर. जसजसं डोक्यावरचं पाणी उतरत गेलं तसतशी सासरची मंडळी एकेक करून छातीवरून उठत गेली. खालच्या फटीतून जी सुतळी ताणून उभी होती, ती सैल पडली, वाकली, आणि शेवटी ओघळायला लागली. काचेतला केस 'ल'च्या पायाशी येऊन थांबला.

माझं डोकं पाण्याबाहेर आलं. गळ्याशी पाणी, खुर्चीवर मी. कप वर केला, उरलेला चहा प्याले, आणि पालथा करून लोकांना दाखवला. हॉल डोक्यावर घेतला लोकांनी.

त्याच वेळी स्वच्छतागृहाचं दार उघडलं आणि प्रमुख पाहुणे लाटेबरोबर आले. एका हाताने पॅन्ट, दुसऱ्या हाताने भिंत. "आत समुद्र आहे," ते म्हणाले. त्यांनी ओठ चाटले. "खराखुरा आहे."

"ही हरली!" दादा ओरडत होते. "पाणीच नाही तर बुडणार कशात? फसवणूक आहे!"

सासूबाई हळूहळू उठल्या. "थोरल्या, ही खुर्चीवर बसली का?"

"बसली, पण"

"चहा संपवला का?"

"संपवला, पण"

"मधे वर आली का?"

दादांनी छताकडे बघितलं.

"मग पाणी का गेलं ते पाण्याला विचार. हिला टॉवेल द्या रे कुणीतरी."

मी परी राहिले. तेवढ्यावर दादा थांबले असते तर ते दादा कसले? दुसऱ्या दिवशी त्यांनी तड्यावर चिकटपट्टी लावली, वरून मेण फिरवलं, आणि टाकी पुन्हा काठोकाठ भरली, जुनं मीठ वाया गेलं म्हणून नवीन मीठ घालून. "बाईमाणूस घाबरलं, बाकी काही झालं नव्हतं," असं ते येईल त्याला सांगत होते. फोटोग्राफर बोलावला. काचेला पाठ टेकून उभे राहिलेले दादा, असा फोटो दारावर लावायचा होता.

"दादा, मी आत उतरणार नाही," मी म्हणाले. "आणि माझ्या माणसांपैकी कोणालाही आत थांबू देणार नाही."

"कोण तुझी माणसं?"

मी नुसतं दाराकडे चालायला लागले. सासूबाई टॉवेल गोळा करून मागे आल्या. पुतणी आली. हे जरा घुटमळले, दादांकडे बघितलं, काचेकडे बघितलं, आणि तिकिटांचा गठ्ठा घेऊन धावत आले. फोटोग्राफर मात्र हुशार निघाला. तो दारातूनच फोटो काढतो म्हणाला.

आम्ही रस्त्याच्या कडेला, शिंप्याच्या पायरीवर चढून उभे राहिलो.

"जरा हसा," फोटोग्राफर म्हणाला.

दादा हसले आणि पाठीने काचेला एक धक्का दिला, मजबुती दाखवायला.

ते नंतर समोरच्या न्हाव्याकडे सापडले, खुर्चीत बसलेले. मिठाखेरीज अंगाला काही लागलं नव्हतं. न्हाव्याने सवयीने त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं होतं आणि विचारत होता, दाढी की केस. दादा म्हणत होते, "पाणी निम्मंच होतं."

मग आम्ही मागच्या अंगणातून जुनी बुटकी टाकी ओढून आणली आणि त्याच भोकावर बसवली. गोडं पाणी भरलं. वेली लावल्या, आखूड पाईप लावला. परवा पुन्हा खेळ सुरू झाला. हॉल भरलेला होता. मी काठावर उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ज्याला मला तरंगवायचं असेल त्याने समुद्र आणावा. बुडण्याच्या बाबतीत माझा हात धरणारं कोणी नाही."

आणि उडी मारली.

शेपटीतून इस्त्री काढायची राहिली होती. डंबेल्सही. खुर्ची मोडली आणि मी तळाला आडवी झाले. पाईप हाताला येईना, उठताही येईना. सासूबाईंनी बाही वर करून हात घातला आणि बूच उपटलं. पाणी स्वच्छतागृहातून वर आलं. आत दादा होते.